इन्शुरन्स संपलेला, आरसी दुसऱ्याच्या नावावर: बेळगाव भागातल्या गाडीवाल्यांसाठी कागदांचा क्रम

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी या पट्ट्यात एकाच दारात केए-२२ आणि एमएच-०९ उभ्या दिसतात. गाडी कोल्हापूरच्या मेव्हण्याकडून आलेली असते, इन्शुरन्स दोन वर्षांपूर्वी संपलेला असतो, आरसीवर अजून मेव्हण्याचंच नाव असतं आणि चालवणाऱ्याच्या लायसनची तारीख कुणी बघितलेली नसते. अशा गाडीचे कागद नीट करायला निघालेला माणूस बहुतेक वेळा आधी आरटीओत जातो आणि परत पाठवला जातो. एनओसी असो, गाडी नावावर करणं असो, १५ वर्षांनंतरचं री-पासिंग असो, प्रत्येक फाइलला चालू इन्शुरन्स जोडावाच लागतो. म्हणून सुरुवात इन्शुरन्सपासून करायची, आणि तोही आज आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्या नावावर.

कायद्याला नेमकं काय लागतं

मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी इन्शुरन्स, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीची भरपाई देणारा विमा, हवा. कायद्याची सक्ती तेवढ्यापुरतीच. आपल्या गाडीचं नुकसान भरून देणारा ‘फुल इन्शुरन्स’ आपल्या सोयीसाठी असतो. थर्ड पार्टी नसताना गाडी चालवली किंवा दुसऱ्याला चालवू दिली, तर कलम १९६ खाली पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पुन्हा सापडलात तर दंड ४,००० रुपये. ‘चालवू दिली’ हे शब्द लक्षात ठेवा, कारण घरी बसलेला मालकही यात येतो.

पॉलिसी देशभर चालते. कोगनोळीचा टोलनाका ओलांडून कागलला गेलात किंवा चोर्ला घाटातून गोव्यात उतरलात म्हणून वेगळा इन्शुरन्स लागत नाही. एमएच पासिंगच्या गाडीला कर्नाटकात वेगळी पॉलिसी लागते, असं सांगून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

टप्पा १: गाडी उभी करा, कागद समोर मांडा

पॉलिसी हातात येईपर्यंत गाडी दारातच ठेवा. ‘इन्शुरन्स संपल्यावर ९० दिवसांची सवलत असते’ हा या भागातला सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे. ते ९० दिवस नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, टिकवण्यापुरते असतात. थर्ड पार्टीला एका दिवसाचीही सवलत नाही. पॉलिसी काल मध्यरात्री संपली असेल, तर आज सकाळी दूध घालायला नेलेली गाडीही बिनइन्शुरन्सची.

मग हे काढा:

- आरसी. स्मार्ट कार्ड नसेल तर एम-परिवहन किंवा डिजिलॉकरवरची चालते.
- शेवटची पॉलिसी, कितीही जुनी असली तरी.
- आरसीवरच्या मालकाचं आधार, पॅन आणि त्याच्या चालू मोबाइलवर येणारा ओटीपी. १ जानेवारी २०२३ पासून पॉलिसी घेताना केवायसी सक्तीची आहे.
- पीयूसी.
- जो गाडी चालवणार त्याचं लायसन.
- गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव, आरसीवर छापलंय तसंच.

तपासा: २०१८ च्या सप्टेंबरपासून पुढं नवी घेतलेली कार असेल तर पॉलिसीवर दोन तारखा असतात. थर्ड पार्टी तीन वर्षांची आणि ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा भाग, बहुधा एक वर्षाचा. ओन डॅमेज संपून थर्ड पार्टी चालू असेल तर कायद्याचं काम भागतं. उलट असेल तर नाही. शोरूमनं सांगितलेल्या तारखेवर जाऊ नका, पॉलिसीवरची थर्ड पार्टीची तारीख स्वतः वाचा.

टप्पा २: नाव आणि नंबर जुळवा

महाराष्ट्रात आरसीवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं पूर्ण येतं. आपल्याकडच्या आधारवर बऱ्याचदा आडनावाच्या जागी आद्याक्षर असतं, किंवा कानडीतून इंग्रजीत जाताना स्पेलिंग बदललेलं असतं. ‘आप्पासाहेब’ एका कागदावर एक प असलेला, दुसऱ्यावर दोन. केवायसी इथंच अडकते.

कागद शेजारी ठेवून चार गोष्टी अक्षरन्‌अक्षर जुळवा: मालकाचं नाव, गाडीचा नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर. चेसिस नंबर आरसीवरून न घेता गाडीवरून वाचा. जुन्या ओमनी आणि बोलेरोत आरसीवरचा एखादा अंक चुकलेला सापडतो, आणि क्लेमच्या दिवशी सर्व्हेअर गाडीवरचाच बघतो. नावात फरक असेल तर आधार आधी दुरुस्त करून घ्या, आरसीवरचं नाव त्यानंतर. दोन्हीकडे एकदम अर्ज टाकले तर एकाचा पुरावा दुसऱ्याला जुळत नाही.

सीएनजी किट नंतर बसवलं असेल तर ते आरसीवर चढलंय का बघा, आणि पॉलिसी घेताना सांगा. थर्ड पार्टीत त्याचे फक्त ६० रुपये वाढतात. ते वाचवायला लपवलेलं किट पुढं मोठ्या क्लेमला आडवं येतं.

टप्पा ३: थर्ड पार्टी घ्या

थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवतं, सगळ्या कंपन्यांना ते सारखेच. म्हणून ‘स्वस्त थर्ड पार्टी’ शोधत फिरण्यात अर्थ नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेले खासगी कारचे वर्षाचे दर असे:

- १,००० सीसीपर्यंत: २,०९४ रुपये. आल्टो, ओमनी यात येतात.
- १,००० च्या वर ते १,५०० सीसी: ३,४१६ रुपये. स्विफ्ट, ईको आणि १,४९३ सीसीची नवी बोलेरो इथं.
- १,५०० सीसीच्या वर: ७,८९७ रुपये. जुनी २,५२३ सीसीची बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा.

यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे आल्टोला साधारण २,४७१, स्विफ्टला ४,०३१ आणि इनोव्हाला ९,३१८ रुपये. याच्या वर मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा येतो. त्याचा हप्ता मात्र कंपनीगणिक बदलतो, तुलना करायची असेल तर तिथं करा. तुमच्याकडे आधीच १५ लाखांचा अपघात विमा असेल, किंवा दुसऱ्या गाडीवर हा भाग घेतलेला असेल, तर तसं लिहून देऊन तो वगळता येतो. मालकाकडे लायसनच नसेल तर हा विमा त्याला मिळतच नाही. अशा वेळी लायसन आहे असं खोटं लिहून तो घ्यायचा नाही.

हात तंग असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: फुल इन्शुरन्ससाठी पैसे जमेपर्यंत थांबू नका, आजच थर्ड पार्टी घ्या. त्यासाठी गाडीची तपासणी सहसा लागत नाही आणि ऑनलाइन अर्ध्या तासात काम होतं. समोरच्या माणसाच्या मृत्यूची किंवा जखमेची भरपाई हजारांत नसते, लाखांत असते. बिनइन्शुरन्सच्या गाडीवाल्याला ती घर-शेत विकून भरावी लागते.

पण या पॉलिसीत काय बसत नाही तेही कळू द्या. तुमच्या गाडीचं नुकसान नाही. खासगी कारमध्ये बसलेली तुमची माणसंही नाहीत. समोरच्याच्या मालमत्तेचं नुकसान ७.५ लाखांपर्यंतच. घरच्यांना घेऊन ज्योतिबाला, शिर्डीला जाणारी गाडी असेल तर फुल पॉलिसी किंवा निदान प्रवाशांचा अपघात विमा जोडावा. पगारी ड्रायव्हर असेल तर त्याच्यासाठीचं कलम मागून घ्या, त्याला ५० रुपये लागतात.

सावध: प्रीमियम कंपनीच्या खात्यात जमा झाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. एजंटाच्या फोन-पे नंबरवर पैसे टाकून ‘झालं’ म्हणू नका. चेक वटला नाही तर पॉलिसी रद्द होते आणि तुम्हाला ते नाक्यावर कळतं.

तपासा: पॉलिसीवर सुरू होण्याची तारीख आणि वेळ दोन्ही छापलेल्या असतात. खंड पडलेल्या पॉलिसीला ती वेळ पैसे भरल्यानंतरची, कधी दुसऱ्या मध्यरात्रीची असते. तोवर किल्ली खिळ्याला.

टप्पा ४: खंड पडलाय आणि फुल इन्शुरन्स हवाय

याला एजंट ‘ब्रेक-इन’ म्हणतात. ओन डॅमेज द्यायच्या आधी कंपनी गाडी बघते. आता बहुतेक वेळा मोबाइलवर लिंक येते आणि व्हिडिओ काढून पाठवायचा असतो. नाकारले जाणारे व्हिडिओ बहुधा याच कारणांनी नाकारले जातात: गाडी ओली, उजेड कमी, काचेवर आकाशाचं प्रतिबिंब, नंबर प्लेट चिखलानं झाकलेली, चेसिस नंबर अस्पष्ट.

खानापूर, कणकुंबी, जांबोटीकडे जून ते सप्टेंबर कोरडी गाडी मिळणं कठीण, त्यात रेंजही नाही. गाडी पुसून छपरीखाली घ्या, तोंड उजेडाकडे करा, सकाळी दहा ते चार या वेळेत काढा. नेटसाठी खानापूर गावात जायचं म्हटलं तर बिनइन्शुरन्सची गाडी चालवायची नाही. आधी थर्ड पार्टी घेतली असेल तर हा पेच येत नाही, ओन डॅमेज नंतर वेगळा जोडता येतो.

क्रम: चारही बाजू, पुढची काच आतून आणि बाहेरून, मीटरचा आकडा इंजिन चालू ठेवून, बॉनेट उघडून इंजिन, चेसिस नंबर जवळून, आरसी. आधीचा ओरखडा किंवा पोचा लपवू नका. तो अहवालात नोंदला जातो, त्याचा क्लेम मिळत नाही इतकंच. लपवलेला सापडला तर बाकीच्या क्लेमवरही संशय येतो. तपासणी पास झाली की त्याच दिवशी पैसे भरा. अहवालाची मुदत थोडीच असते, उद्यावर टाकलं की व्हिडिओ पुन्हा.

नो क्लेम बोनस २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा वर्षागणिक चढतो आणि खंड ९० दिवसांपेक्षा जास्त झाला की शून्यावर येतो. शून्यावर आलेला बोनस तसाच लिहा. एजंट ‘२५ टाकतो, कोण बघतंय’ म्हणतो. क्लेम आला की कंपनी जुन्या कंपनीला विचारते.

टप्पा ५: एमएच पासिंगची गाडी बेळगावात आणताना

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो, म्हणून सावकाश वाचा.

दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवली की कलम ४७ नुसार नवा नंबर घ्यावा लागतो. नुसती वापरायला आणलेली असो की विकत घेतलेली. विकत घेतली असेल तर क्रम असा:

१. विकणाऱ्याच्या नावावर चालू थर्ड पार्टी. ती संपलेली असेल तर सौद्याच्या वेळीच त्याच्याकडून काढून घ्या, पैसे तुम्ही द्या हवं तर. ओटीपी त्याच्या मोबाइलवर येतो, म्हणून माणूस समोर असतानाच. पूर्ण रक्कम मोजून दिल्यावर हा ओटीपी मिळवायला आठवडे जातात.

२. चलन साफ करा. महाराष्ट्राचं ई-चलन थकलेलं असेल तर एनओसी अडते. कर्नाटकातलंही बघा. गाडी निपाणीत फिरते म्हणजे दोन्हीकडे चलन पडलेलं असू शकतं.

३. कर्ज असेल तर बँकेचा नाहरकत दाखला आणि फॉर्म ३५. कर्ज फिटलं म्हणून आरसीवरचं नाव आपोआप जात नाही.

४. मूळ आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी. कोल्हापूरची गाडी असेल तर कोल्हापुरातून. ज्या कार्यालयात नेणार त्याचं नाव त्यावर बरोबर हवं: बेळगाव आणि खानापूरसाठी केए-२२, चिक्कोडी आणि निपाणीसाठी केए-२३, गोकाकसाठी केए-४९. चुकीच्या कार्यालयाची एनओसी आणली की पुन्हा कोल्हापूरची वारी. चेसिसचा पेन्सिलनं घेतलेला ठसा लागतो, तो गाडी इथं आणण्याआधीच दोन-चार प्रतींत घेऊन ठेवा.

५. इथल्या आरटीओत फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे ज्याला आपण टीटी फॉर्म म्हणतो ते, आणि नव्या नंबरसाठी फॉर्म २७. कर्नाटकाचा आजीवन कर गाडीच्या वयावर बसतो. सौदा ठरवण्याआधी तो आकडा विचारून घ्या, स्वस्त वाटणारी गाडी तिथं महाग पडते. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग नवा नंबर मिळाल्यावर मूळ आरटीओकडे मागता येतो.

६. नवी आरसी मिळाली की पॉलिसीत दोन बदल. एक नावाचा, दुसरा नंबरचा. लोक नाव बदलतात आणि नंबर विसरतात. कलम १५७ नुसार नावबदलासाठी हस्तांतरणाच्या तारखेपासून १४ दिवस आहेत. थर्ड पार्टी तशीही नव्या मालकाकडे गेली असं कायदा मानतो, पण ओन डॅमेज १४ दिवसांत लेखी मागितला नाही तर तो तुमचा नाही. विकणाऱ्याचा बोनसही तुमच्याकडे येत नाही, कंपनी फरकाचे पैसे मागेल.

सावध: आरसी जुन्या नावावर असतानाच स्वतःच्या नावावर पॉलिसी काढू नका. आरटीओत नावं जुळत नाहीत आणि ओन डॅमेजचा क्लेम अडतो. कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या घेऊन गाडी वर्षानुवर्षं चालवणं त्याहून वाईट.

विकणाऱ्यांनाही हे सांगायला हवं: अपघात झाला तर भरपाईसाठी कायदा आरसीवरच्या नावाकडे बघतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात हेच स्पष्ट केलं. गाडी हातोहात तिसऱ्याकडे गेली असली तरी नोटीस पहिल्याच्या घरी येते. ‘विकली म्हणून सुटलो’ असं होत नाही.

टप्पा ६: मालक वारले असतील

वडिलांच्या नावावरची गाडी मुलगा चालवत राहतो. पॉलिसी मालकाच्या मृत्यूनंतर तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांतलं जे आधी येईल तोवरच वारसांना चालते. आरटीओला ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ वर अर्ज करायचा.

मृत्यूचा दाखला मृत्यू जिथं झाला तिथून निघतो. मिरजेच्या किंवा कोल्हापूरच्या दवाखान्यात वारले असतील तर तो तिथल्या महापालिकेचा, बेळगावात शोधत बसू नका. वंशावळ मात्र आपल्या गावच्या नाडकचेरीतून. बाकीच्या वारसांची संमती एकाच दिवशी सगळ्यांना गाठून घ्या. तेराव्याला घर भरलेलं असतं तेव्हा हा विषय काढायला जड जातं खरं, पण नंतर बहीण पुण्यात, भाऊ मुंबईत, आणि तीन महिने कधी गेले कळत नाही.

टप्पा ७: पॉलिसी आहे, पण चालवणारा आणि वापर?

पॉलिसी चालू असून लायसन संपलेलं असेल तर कंपनी जखमीला भरपाई देते आणि नंतर ती मालकाकडून वसूल करते. लायसन संपून एक वर्ष उलटलं तर पुन्हा ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागते, त्याआधी नूतनीकरण करून घ्या. बिनलायसनच्या माणसाच्या हातात गाडी दिली तर मालकाला वेगळा ५,००० रुपये दंड.

पांढऱ्या प्लेटच्या गाडीनं वडाप करू नका. शाळेची मुलं महिन्याच्या पैशावर नेणं आणि लग्नसराईत वऱ्हाड भाड्यानं सोडणं हेही त्यातच आलं. खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही. नात्यातल्यांना फुकट नेलं तर हरकत नाही, डिझेलचे म्हणून माणशी पैसे घेतले की वाद सुरू.

टप्पा ८: पॉलिसी खरी आहे का

व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ म्हणजे पॉलिसी नव्हे. तीन ठिकाणी पडताळा: पॉलिसीवरचा क्यूआर कोड कंपनीच्याच साइटवर उघडतो का, कंपनीच्या साइटवरून घेतलेल्या टोल-फ्री नंबरवर पॉलिसी नंबर सांगितल्यावर तीच गाडी निघते का, आणि काही दिवसांत एम-परिवहनवर इन्शुरन्सची नवी तारीख दिसते का. तिसरं लगेच दिसलं नाही तर घाबरू नका. पहिली दोन जुळत नसतील तर मात्र गाडी काढू नका. बनावट पॉलिसीत एक खूण बऱ्याचदा सापडते: दुचाकीचा दर लावून कारची पॉलिसी. सरकारी दरापेक्षा थर्ड पार्टी स्वस्त मिळाली की तीच शंका घ्या.

नाक्यावर अडवलं तर डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवरचे कागद दाखवा, ते नियमानं चालतात. फोन बंद पडला असेल तर कागद हजर करायला १५ दिवस असतात, तेवढं शांतपणे सांगा. चलन झालंच तर त्यावरची गाडीची वेळ आणि पॉलिसीची वेळ ताडून बघा.

गाडी जुनी आहे म्हणून एखाद्या कार्यालयानं थर्ड पार्टी नाकारली तर नकार लेखी मागा. बहुतेक वेळा तेवढ्यानंच काम होतं. नाहीच झालं तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या नंबरवर तक्रार करा. कर्नाटकातल्या पॉलिसीधारकांसाठी विमा लोकपालाचं कार्यालय बेंगळूरूला आहे.

खंडाच्या दिवसांत अपघात झालाच तर

आधी जखमीला दवाखान्यात न्या, मग पोलिसांना कळवा. कायद्यानं त्यासाठी जास्तीत जास्त २४ तास आहेत. त्या क्षणी मोबाइलवर पॉलिसी काढायचा मोह आवरा. पॉलिसीवर मिनिटापर्यंतची वेळ असते, एफआयआरवरही असते, आणि भरपाईच्या दाव्यात फसवणुकीचा गुन्हा वाढतो. बिनइन्शुरन्सची गाडी पोलिसांनी ताब्यात घेतली तर मालकानं पुरेसं तारण दिल्याशिवाय ती सुटत नाही. म्हणून ठाण्यात जाण्याआधी आरसी, लायसन आणि तारणाला चालेल अशा मालमत्तेचे कागद बरोबर घ्या, आणि मोटार अपघात दाव्यांची कामं करणारा वकील त्याच दिवशी गाठा.